टॅग जिनं बांधला, तिनंच सोडायचा

मी टेबल बोलतेय. हो, बोलतेय. 'बोलतंय' नाही. मराठीनं मला कधी धड बाई मानलं नाही की बाप्या. ते टेबल, ते मोडकं टेबल, सरकव गं ते टेबल! जन्मभर नपुंसकलिंगात खितपत पडले असते. पण या घरातल्या पोरीनं एक दिवस माझ्या पायाला लाल टॅग बांधला, त्यावर 'ला ताब्ल' असं लिहिलं आणि म्हणाली, "आई, फ्रेंचमध्ये टेबल म्हणजे बाई असते बरं का!" तेव्हापासून मी बाई. जी भाषा मान देते तिचं ऐकावं, एवढी अक्कल लाकडालाही असते.

तो टॅग अजून माझ्या पायाला आहे. बांधणारी मात्र नाही.

माझा जन्म इथलाच, बोईसरचा. परदेशातून कुठलंसं मशीन एका कारखान्यात आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. माझ्या पोटाखाली अजून छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं आहे. या घरचा मालक मारुती त्याच कारखान्यात फिटर. त्यानं भंगारातून फळ्या आणल्या आणि उमरोळीच्या गोमा सुताराला बोलावलं. गोमानं मला ठोकून उभी केली तेव्हाच बजावलं होतं, "मारुतीभाऊ, हे लाकूड पावसात फुगल हां. मग आमाला शिव्या नको देव." माझा एक पाय जरा आखूड झाला. मारुतीनं ते दाखवलं, तर गोमा म्हणतो कसा, "पाय आखूड नाय, तुमची लादी वाकडी हाय." त्या पायाखाली तेव्हापासून जुन्या चपलेचा तुकडा आहे.

मारुती आणि त्याची बायको नलू ही साताऱ्याकडची माणसं. पोटासाठी इकडं आली, दोन खोल्यांत संसार मांडला आणि एकुलत्या एका लेकीला, प्रतीक्षाला, वाढवलं. पोळपाट माझ्यावर, अभ्यास माझ्यावर, इस्त्री माझ्यावर. त्या घरात माझ्याइतकं राबलेलं दुसरं कुणी नसेल. नलू सोडून.

प्रतीक्षा पालघरच्या कॉलेजातून शिकली, एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिच्या डोक्यात फ्रान्सनं घर केलं. तिकडं पुढं शिकायचं, त्यासाठी भाषा पाहिजे. झालं! रोज कामावरून आली की माझ्यावर कोपरं टेकून बसायची. "ज स्वी, त्यू ए, एल ए." मी आहे, तू आहेस, ती आहे. गुणगुणत मान हलवायची. पण कुठली वस्तू बाई आणि कुठली बाप्या, हे काही तिच्या ध्यानात राहीना. "आप्पा, दार बाई आणि फ्रिज बाप्या! याला काही अर्थ आहे का?"

मारुती म्हणाला, "मग टॅग लाव की. आमी काय हजार व्हॉल्व तोंडपाठ करतो व्हय?"

कारखान्यात पाइपांना, व्हॉल्वना बांधायचे पुठ्ठ्याचे टॅग असतात, वर भोक आणि सुतळी. रद्द झालेल्या टॅगांचा एक गठ्ठा मारुतीकडं पडून होता. लाल, निळे, पिवळे. नावाआधी 'ला' लागते त्या बाईला लाल, 'ल' लागतो त्या बाप्याला निळा. पिवळ्याचं फ्रेंचमध्ये काम नव्हतं, कारण तिकडं दोनच लिंगं, तिसऱ्याची भानगड नाही. उच्चार पक्का व्हावा म्हणून प्रतीक्षा देवनागरीतच लिहायची. दाराला लाल, ला पोर्त. खिडकीला लाल, ला फनेत्र. फ्रिजला निळा, ल फ्रिगो. लाल टॅगांच्या मागच्या बाजूला आधीपासून छापलेलं होतं: 'धोका. माणूस काम करत आहे. चालू करू नये.' मारुती हसून हसून बेजार. "घरातल्या सगळ्या बायकांवर धोका! बरुबर हाय!" नलूनं त्याच्याकडं नुसतं डोळे वटारून पाहिलं.

पण टॅग बांधून झाल्यावर मारुती गंभीर झाला. तो म्हणाला, "पोरी, एक ध्यानात ठेव. टॅग ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

हा त्याच्या धंद्याचा नियम, आणि तो त्याच्या हाडात कशानं गेला होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नरहरी नावाचा त्याचा जोडीदार टाकी धुवायला आत उतरला होता. बाहेर बटनाला टॅग होता. कुणीतरी घाईत तो काढला आणि आतलं पातं फिरलं. नरहरी चादरीत गुंडाळूनच वर आला.

"आणि आप्पा, बांधणारा आलाच नाही तर?" प्रतीक्षानं विचारलं.

"तर त्याचा रिलीव्हर येतो. पुढच्या पाळीचा मानूस. टॅग त्याच्या हवाली करायचा. मग तो काढंल, न्हाई तर ठेवंल, त्याची मर्जी. पन रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

प्रतीक्षा गेली. जाताना उरलेले टॅग बॅगेत टाकले, आणि बांधलेले तसेच ठेवले. "परत आले की मीच सोडीन," असं दारातून म्हणाली. लिऑन नावाच्या गावी शिकली, तिथंच नोकरी लागली, तिथल्याच एत्येन नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगी झाली. नाव ठेवलं स्वरा. मोबाईल माझ्यावर तांब्याला टेकवून नलू लेकीशी आणि नातीशी बोलायची. नातीला तेव्हा मराठी यायची. "आजी, टाटा!" म्हणून ओरडायची आणि पडद्याला तोंड लावायची. काय दिवस होते ते!

मग प्रतीक्षाच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि दोन दिवसांत ती गेली.

यांच्याकडं ना पासपोर्ट, ना काही. लेकीचं शेवटचं यांनी माझ्यावर बसून बघितलं, त्याच तांब्याला टेकवलेल्या मोबाईलवर. नलूनं माझी कड इतकी घट्ट धरली होती की सनमायका उचकटला. तो अजून तसाच आहे.

मारुतीचं डोकं त्याच्या आधीपासूनच चुकार झालं होतं. रिटायर झाला आणि हळूहळू एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. लेक गेल्यावर तर जास्तच. सकाळी उठायचा, माझ्यापाशी चहाला बसायचा आणि विचारायचा, "प्रतीक्षा कधी येनार?" सुरुवातीला नलू खरं सांगायची. दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडायचा. एका माणसानं आपल्या लेकीचं मरण किती वेळा ऐकावं? शेवटी नलू म्हणायला लागली, "येईल." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

एक गोष्ट मात्र तो विसरला नाही. टॅग. रोज सकाळी घरभर फिरून प्रत्येक टॅग चाचपायचा. दार, खिडकी, खुर्ची, मी. "जाग्यावर हाय," म्हणायचा.

तिकडं स्वरा मोठी होत गेली आणि तिची मराठी विरत गेली. आईच नाही तर आईची भाषा कोण बोलणार? रविवारी दुपारी फोन लागायचा. नलू म्हणायची, "बाळा, जेवलीस का? शाळेत जातीस का?" पोर नुसती बघायची. मग बापाकडं वळून भराभरा काहीतरी बोलायची आणि उठून जायची. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसायची आणि नलू त्या खुर्चीकडं बघत बसायची.

एका रविवारी एत्येननं इंग्रजीत काही सांगितलं. शेजारची अपेक्षा नेहमी दुभाषी म्हणून असायची. मूळची उमरोळीची, इथं एका ऑफिसात काम करते, मनानं मऊ. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला.

"काय म्हनतात जावई?" नलूनं विचारलं.

"काकी... ते म्हणतात, स्वरा नको म्हणते. तिला तुमचं काय कळत नाय. फोन झाल्यावर ती रडते, आई आठवते तिला. म्हणून... आता थोडे दिवस फोन बंद ठेवू या, म्हणतात."

नलूच्या हातातला पदर गळून पडला. "आगं, त्यांस्नी सांग, एकदा. अजून एकदाच. मी शिकते त्यांची भाषा. सांग त्यांस्नी, आजी शिकतीया म्हनावं."

अपेक्षानं सांगितलं. मग एत्येन म्हणाला, ठीक आहे, एकदा. स्वराच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी.

आता सांगा, सातवी शिकलेली बाई, साठी ओलांडलेली, आणि फ्रेंच! पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काड्या घरभर टांगलेल्या होत्या. लेकीच्या अक्षरात, देवनागरीत. नलू खिडकीपाशी उभी राहून टॅग वाचायची, "ला फनेत्र, ला फनेत्र," आणि अक्षरावरून बोट फिरवायची. शिकत होती की लेकीला गोंजारत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

संध्याकाळी अपेक्षा यायची. मोबाईलवर कुणी बाई फ्रेंच शिकवायची, अपेक्षा समजावायची. तिला तरी कुठं येत होतं? आंधळा गुरू, बहिरा चेला. पण गाडी रेटत होती. "काकी, लहानाला त्यू, मोठ्याला व्हू."

"तू आनि तुमी. आपल्यासारखंच की!"

"आणि वस्तू बाई असली का तिचं विशेषणपण बदलतं."

"चांगला, चांगली. त्यात काय येवढं?" नलूला धीर आला. पण 'नाही' म्हणायचं आलं आणि घोडं अडलं. तिकडं नकाराचे दोन तुकडे. एक क्रियापदाच्या अलीकडं, एक पलीकडं. न आणि पा. नलू एक म्हणायची तर दुसरा विसरायची. कपाटाच्या लाल टॅगवर 'ला'चा नुसता 'ल' उरलेला, कारण पुढं स्वर. ते पाहून तर तिनं डोक्याला हात लावला. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. एकदा तिनं माझ्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "देवा, ह्यांच्या डोक्यातनं जे गळतंय त्यातलं थोडं तरी माझ्या डोक्यात घाल रे."

तिला वर्तमानकाळच तेवढा जमला. मी आहे. तू आहेस. ती आहे. अपेक्षा भूतकाळ काढायला लागली तर नलू म्हणाली, "तो नको. ती 'होती' म्हनायला मला शिकवू नको."

तो रविवार उजाडला. नलू धुवट साडी नेसली, तिनं माझ्यावरून ओला फडका फिरवला, तांब्या चिंचेनं घासून मध्ये ठेवला. आणि मग तिनं ती चूक केली. पाठ केलेलं ऐन वेळी आठवलं नाही तर? म्हणून तिनं घरातले टॅग सोडले. दाराचा, खिडकीचा, खुर्चीचा, फ्रिजचा, सगळे. माझ्यावर मांडून ठेवले, डोळ्यांसमोर असावेत म्हणून. फक्त माझा राहिला, कारण वाकायला तिचे गुडघे तयार होईनात. मारुती आत झोपला होता. आज आपलं आपणच बोलायचं म्हणून अपेक्षालाही तिनं बोलावलं नव्हतं.

फोन लागला. वायफाय चांगलं होतं, चित्र स्वच्छ. स्वरा बसली होती, ओठ घट्ट मिटून. अगदी प्रतीक्षाची हनुवटी! नलूनं घसा खाकरला. "बोंझूर, स्वरा. ज स्वी... ज स्वी ता..." मी तुझी... पुढं 'आजी' यायचं होतं.

तेवढ्यात मारुती बाहेर आला. त्यानं दाराकडं पाहिलं. खिडकीकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"टॅग कुनी काढले?"

"आवो, थांबा जरा, फोन..."

"आत मानूस हाय! बंद करा! सगळं बंद करा!" असा ओरडला की मी हादरले. त्या म्हाताऱ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. गॅसचा कॉक फिरवला. टाकीचा नळ आवळला. धावत दारामागं गेला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, वायफायचा दिवा विझला, आणि स्वराचा चेहरा पडद्यावर गोठला. मग तोही गेला.

"वाचला," मारुती धापा टाकत म्हणाला. "आतला मानूस वाचला."

नलू उठली. इतकी वर्षं मी तिला पाहतेय, तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कोन वाचलं? कोन हाय आत? आत कुनी न्हाई! आवो, तुमची लेक मेली! मेली ती! टॅग काढायला ती आता यायची न्हाई! आनि आता नातपन गेली. तुमी घालवली!"

मारुती होता तिथंच लादीवर बसला. त्यानं हात वर करून माझ्यावरचे टॅग ओढून घेतले, छातीशी धरले आणि रडायला लागला. पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. नलूनं तोंडात पदर कोंबला. आणि मी, चार पायांची बाई, कुणाच्या पाठीवर हातसुद्धा ठेवू शकत नव्हते.

दार ढकलून अपेक्षा आत आली. "काकी! तुमचे जावई माझ्या फोनवर हायेत! काय झालं, म्हणून विचारतात!"

तिनं फोन तांब्याला टेकवला. स्वरा होतीच. नलूचं सगळं पाठांतर धुऊन निघालं होतं. फोनमध्ये मात्र लादीवर बसलेला म्हातारा दिसत होता, हातात सुतळ्या आणि लाल-निळे पुठ्ठे, ओक्साबोक्शी रडणारा. स्वरा पुढं वाकली. बघत राहिली. काहीतरी भर्रकन बोलली आणि खुर्चीवरून उडी मारून पळाली.

पुन्हा रिकामी खुर्ची.

"गेली," नलू म्हणाली. "संपलं." आणि तिनं फोन बंद करायला हात पुढं केला.

"काकी, थांबा!" अपेक्षानं तिचा हात धरला.

पोर परत आली होती. तिनं हातातलं काहीतरी कॅमेऱ्याला इतकं चिकटवलं की नुसता पिवळा रंग दिसला. मग मागं घेतलं. पिवळा टॅग. भोक, सुतळी. आणि प्रतीक्षाचं अक्षर, देवनागरीत.

"टेबल," स्वरा म्हणाली. जीभ अडखळली, पण म्हणाली. "ते टेबल."

नेलेल्या टॅगांचं प्रतीक्षानं काय केलं, ते तेव्हा कळलं. तिकडं तिनं घरभर मराठी बांधली होती, लेकीसाठी. बाईला लाल, बाप्याला निळा आणि तिसऱ्याला पिवळा. फोनवर आम्हाला नुसता पोरीचा चेहरा आणि तिची खुर्ची दिसायची, बाकीचं घर कधी दिसलंच नाही. आणि ऐका, 'ते टेबल' हे शब्द मी जन्मभर नाक मुरडत ऐकले. त्या दिवशी मला एवढंसंही वाईट वाटलं नाही.

मारुती रडायचा थांबला. गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि फोनपाशी आला, कारखान्यात यायचा तसा ताठ. "टॅग कुनी बांधलेला?" त्यानं विचारलं.

स्वराला कळलं नाही. अपेक्षा इंग्रजी शब्द जुळवायला लागली. आणि नलूच्या तोंडून इतक्या दिवसांच्या मरमरीतला एकच शब्द बाहेर पडला. "की?" म्हणजे, कोण? तिनं टॅगकडं बोट केलं. "की, स्वरा?"

"मामाँ," स्वरा म्हणाली. म्हणजे, आई.

मारुतीनं पडद्यावरच्या त्या हनुवटीकडं पाहिलं. मग हातातले सगळे टॅग फोनसमोर धरले, पाळी संपल्यावर द्यायचा तसे. "आगं नलू," तो म्हणाला, "रडतीस कशाला? रिलीव्हर आलीया."

हे होऊन महिने झाले. सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा विचारलंच, "प्रतीक्षा कधी येनार?" आता तर कधी कधी तो नलूलाही ओळखत नाही. पण नलू आता खोटं बोलत नाही, आणि ते जुनं खरंही सांगत नाही. ती म्हणते, "रिलीव्हर यायची हाय." तो मान हलवतो आणि टॅग चाचपायला जातो. ते सगळे नलूनं परत जागच्या जागी बांधलेत. रविवारी स्वरा एकेक वस्तू उचलून फोनसमोर धरते, नलू फ्रेंच नाव सांगते, स्वरा मराठी. दोघीही चुकतात. स्वरा उन्हाळ्यात येईल असं एत्येन म्हणतो. म्हणतो. तोवर मारुतीच्या डोक्यात काय उरेल, देव जाणे.

आणि माझं? गोमा खरं बोलला होता. पावसानं माझं लाकूड फुगलं, आता आतून भुसा पडतो. परवा अपेक्षा म्हणाली, "काकी, हे टेबल टाकून नवीन घ्या." नलूनं केरसुणी घेतली आणि माझ्याखालचा भुसा गोळा केला.

भंगारवाले दादा, तुम्ही आलात तर मी कुरकुर करणार नाही. खोक्यातून आले, भंगारात जाईन. पण माझ्या पायाची सुतळी कापू नका. ती एकदाही सुटलेली नाही, बांधणारीची गाठ आहे ती. जरा थांबा. माझ्यापेक्षा थोडीशीच उंच अशी एक बाई येणार आहे, तिला खाली वाकून ती गाठ सोडू द्या. मग न्या मला.